उचल न घेतलेलं साल

गेल्या भाद्रपदात द्राक्षबागांत मजूर नेणारा मुकादम आमच्या अंगणात येऊन बसला, तेव्हा मी खाचरातलं गवत काढून नुकतीच घरी आले होते. पाय अजून चिखलाचे होते. त्याने खिशातून नोटा काढल्या आणि खाटेवर ठेवल्या. "वहिनी, बारा हजार आणलेत. गेल्या सालाइतकेच." यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "यंदा नको, दादा."

त्याला वाटलं मला जास्त हवेत. म्हणाला, पंधरा करू. मी पुन्हा नको म्हटलं. तो नोटा उचलून गेला, तेव्हा सासूबाई चुलीपुढून उठून ओट्यावर आल्या आणि तो वळणाआड होईपर्यंत बघत राहिल्या. आमच्या घरात उचल, म्हणजे कामाआधीचे आगाऊ पैसे, परत गेली असं त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

हे का जमलं, ते लिहायचं आहे. राज्य सरकारच्या लाडकी बहीण योजनेच्या पैशांवर सगळे बोलतात. ज्यांच्या खात्यात ते येतात त्यांचं ऐकायला थोडेच बसतात.

आमचं गाव नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात, करंजाळीपासून आत. दीड एकराचा वनपट्टा आहे. भात, नागली, वरई आणि बांधावर थोडा उडीद, सगळं पावसावर. घरात आम्ही दोघं, सासूबाई, आश्रमशाळेत शिकणारी मुलगी आणि धाकटा मुलगा. दसऱ्यानंतर आमच्याकडची निम्मी गावं घाट ओलांडून दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांत जातात. आधी छाटणी, मग विरळणी, मग माल तोडणी. होळीला माणसं घरी येतात. होळी हा आमचा मोठा सण, तेव्हा कोणी बागेत थांबत नाही.

उचल म्हणजे काय, ते ज्यांच्या घरी ती कधी आली नाही त्यांना सांगते. आषाढापासून भाद्रपदापर्यंत आम्ही राबतो ते आमच्याच शेतात. त्याचा रुपया हातात येत नाही. कणगीतलं भात आषाढात संपतं. रेशनचा तांदूळ-गहू फुकट मिळतो, त्यामुळे उपाशी कोणी राहत नाही, हे खरं आहे. पण तेल, डाळ, मीठ-मिरची, साबण, पोराच्या तापाचं औषध, पेठला जायचं भाडं, हे रेशनवर मिळत नाही. त्या दिवसांत मुकादम पैसे घेऊन दारात येतो. तो कधी व्याज लावत नाही, म्हणून आम्ही त्याला भला माणूस म्हणतो. घेतले की मात्र दसऱ्यानंतर तो सांगेल त्या बागेत, तो सांगेल त्या मजुरीला जायचं आणि फिटेपर्यंत तिथून हलायचं नाही.

मी दहावी शिकलेली आहे, पण हा हिशेब मीसुद्धा २०२४च्या हंगामापर्यंत कधी मांडला नव्हता. त्या हंगामात आमच्या शेजारच्या ओळीत रोजाने आणलेल्या बायका होत्या. त्यांना साडेतीनशे मिळायचे, मला अडीचशे. यांच्या मजुरीतही तेवढाच फरक. दोघांचे मिळून दिवसाला दोनशे आणि दिवस भरले चाळीस. म्हणजे आठ हजार. बारा हजारांच्या उचलीवर आठ हजार! रात्री पालात झोपल्यावर मी हा गुणाकार तीनदा केला, चुकला असेल म्हणून.

आता पैशांकडे येते.

योजना २८ जून २०२४ला अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि लगेच जुलैपासून अर्ज सुरू झाले. २१ ते ६५ वयाच्या बाईला महिन्याला दीड हजार, घरचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. ऐन आवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस. पहिल्या आठवड्यात उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासी दाखला लागेल असं कळलं, म्हणून मी दोन दिवस रोपं तशीच ठेवून पेठला रांगेत उभी राहिले. दोन्ही दिवस माझा नंबर आला नाही. नंतर कळलं की पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको आणि रहिवासी दाखल्याऐवजी जुनं रेशनकार्ड, मतदान कार्ड, शाळेचा दाखला यांतलं काहीही चालतं. आमचं कार्ड पिवळंच आहे. ते दोन दिवस गेले ते गेलेच.

अर्ज अंगणवाडीच्या ताईंनी भरला. नारीशक्ती दूत ॲप त्यांच्या फोनमध्ये होतं, पण अंगणवाडीत रेंज नाही. आम्ही सात-आठ बायका छत्र्या घेऊन त्यांच्यामागून टेकडीवर गेलो. तिथे एका दगडावर एकेकीला बसवून फोटो काढला. पावसात डोळे मिटायचे, ॲप फोटो घ्यायचं नाही, ताई पुन्हा म्हणायच्या, "बाई, वर बघ." हमीपत्रावर सह्या झाल्या. त्या दिवशी ताई अंधार पडेपर्यंत टेकडीवर होत्या. त्यांची स्वतःची मुलं घरी होती. ही योजना आमच्यापर्यंत पोचली ती त्यांच्या पायांनी.

राखीपौर्णिमेच्या दोन-चार दिवस आधी वाडीतल्या बायकांच्या खात्यात जुलै-ऑगस्टचे मिळून तीन हजार पडले. माझ्या खात्यात नाही. अर्ज मंजूर झाल्याचा संदेश तर होता. बँकेत गेले, पासबुकात काहीच नाही. पुन्हा गेले, तिथले म्हणाले, वरून आले नाहीत. मी घरी येऊन गप्प बसले. धाकटी जाऊ लुगडं आणायला निघाली होती, तिने मला बरोबर बोलावलं, मी गेले नाही.

उलगडा केला ताईंच्या मुलाने, तो बारावीला होता. त्याने आधारच्या संकेतस्थळावर माझं आधार कोणत्या बँकेला जोडलेलं आहे ते पाहिलं. भलत्याच बँकेचं नाव निघालं. मी त्या बँकेचं तोंडही पाहिलेलं नाही. विचार करता करता आठवलं की पाच-सहा वर्षांपूर्वी बाजारात सिमकार्ड घेताना दुकानदाराने मशीनवर दोनदा अंगठा घेतला होता. एकदा सिमसाठी, आणि दुसऱ्यांदा मला न विचारता खातं उघडण्यासाठी. सरकारचे पैसे खाते नंबर बघून येत नाहीत, आधार शेवटी ज्या खात्याला जोडलं असेल तिथे जातात. अर्जावर मी माझ्या पासबुकाचा नंबर लिहिला, त्याला काही अर्थच नव्हता. माझे तीन हजार त्या न पाहिलेल्या खात्यात पडून होते आणि संदेश जात होते कधीच बंद झालेल्या सिमवर. आमच्या वाडीत असं तिघींचं झालं होतं. म्हणून सांगते, पैसे आले नाहीत तर आधी आधार कुठे जोडलंय ते पाहा, मग बँकेत भांडा.

पैसे काढायला अंगठ्याच्या मशीनवर गेले. आवणी नुकतीच उरकलेली. महिनाभर चिखलात आणि रोपं उपटण्यात बोटांची कातडी पांढरी पडून सोलली होती. अंगठा ठेवला, लाल दिवा. पुसून ठेवला, लाल दिवा. मशीनवाल्याने बोटाला खोबरेल लावायला सांगितलं, मग पदराने घासायला सांगितलं. दहाही बोटं झाली. मागे रांग होती. एक म्हातारी म्हणाली, "अगं, केसांवरून फिरव बोट." मी डाव्या हाताचं मधलं बोट केसांवरून फिरवून ठेवलं आणि हिरवा दिवा लागला. मशीनवाल्याने त्याचे म्हणून पन्नास रुपये कापून घेतले. ते देणं लागत नाही हे तेव्हा मला माहीत नव्हतं. पुढच्या महिन्यात मी बँकेत जाऊन आधार माझ्या खात्याला जोडून घेतलं.

त्या तीन हजारांतून मी किराणा दुकानाची उधारी मिटवली, तेराशे चाळीस. मुलीला आश्रमशाळेत भेटायला गेले. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असतं, पण ते अर्धंही हातात नसायचं, म्हणून मी पावसाळ्यात तिला कधी भेटले नव्हते. ती धावत आली आणि आधी विचारलं, "घरी काय झालंय?" पावसाळ्यात आई आली म्हणजे वाईट बातमी, असंच तिला वाटलं. तिला साबण, तेल, पॅडची पाकिटं दिली. मागायला लाजायची ती. रात्रभर मला तिचा तो प्रश्न ऐकू येत होता.

उचल मात्र त्या साली आम्ही घेतली. पैसे हातात आले होते, पण पुढच्या महिन्यात पुन्हा येतील यावर आमच्या घरात कोणाचाच विश्वास नव्हता. हे म्हणाले, निवडणूक आहे, तोवर देतील. मलाही तेच वाटत होतं. कुठलाही पैसा पहिल्यांदा येतो तेव्हा माणूस त्याच्यावर टेकत नाही. शेतीचे दोन-दोन हजार यांच्या नावावर २०१९पासून येतात, पण ते चार महिन्यांनी एकदा. आले की बियाणं, खत, नाहीतर कोणाचं तरी देणं. त्या पैशांनी कधी घरची चाल बदलली नाही. दीड हजारांनी बदलली, ती दुसऱ्या वर्षी, पैसे दर महिन्याला येतात याची सवय झाल्यावर.

ती चाल आधी किराणा दुकानात दिसली. उधारीवर असताना आम्ही तेल दहा रुपयांचं घ्यायचो, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून. भाव विचारायची सोय नाही. वहीत लिहिणारा लिहील तो आकडा. रोख द्यायला लागले तशी मी एक लिटरची पिशवी घेऊ लागले, आणि दहा-दहाचं तेल किती महाग पडत होतं ते कळलं. पुढे तर पेठच्या बाजारातून डाळ आणायला लागले. दुकानदार वाईट नाही, अडीअडचणीला त्यानेच दिलंय. पण पुडा उलटा करून किंमत वाचायची, परत ठेवायचा आणि दुसरा घ्यायचा, हे मी तोवर केलं नव्हतं.

घरात भांडणं झाली नाहीत असं म्हणणार नाही. एकदा यांनी गाडीच्या टायरसाठी हजार मागितले. मी म्हटलं, मुलाला दवाखान्यात न्यायचंय. हे म्हणाले, "तुझे पैसे, तू बघ," आणि दोन दिवस बोलले नाहीत. त्या 'तुझे'मध्ये राग होता. मलाही वाईट वाटलं, कारण आमच्याकडे मजुरीचे पैसे मुकादम पुरुषाच्याच हातात देतो आणि मी आजवर कधी 'तुमचे' म्हटलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी तोंड उघडलं. त्यांना श्रावणबाळ योजनेचे, म्हणजे म्हातारपणाचे, पैसे मिळतात. म्हणाल्या, "माझ्या पैशांचं मीठ खातोस तेव्हा विचारतोस का कोणाचं आहे म्हणून?" त्यानंतर टायर माझ्या पुढच्या हप्त्यातून आला, यांनी पुन्हा मागितला नव्हता तरी.

तर २०२५चा पावसाळा. पाऊस मे महिन्यातच सुरू झाला. जुलैचा हप्ता राखीपौर्णिमेच्या तोंडावर पडला. मी आषाढ-श्रावण काढला तो माझ्या दीड हजारांवर, सासूबाईंच्या पैशांवर आणि वहीत एकही नवी ओळ न लिहिता. म्हणून मुकादमाला नको म्हणू शकले. धाडस असं काही नव्हतं त्यात. त्या दिवशी घरात तेल होतं, डाळ होती आणि माझ्याकडे सहाशे रुपये होते, एवढंच.

पाऊस हटेना. बागायतदारांच्या छाटण्या लांबल्या, द्राक्षाचं नुकसान झालं ते सगळ्यांनी वाचलंय. उचल घेतलेल्या टोळ्या ठरल्याप्रमाणे गेल्या आणि पालांत बसून राहिल्या. काम नाही, दिवस भरत नाहीत आणि परत यायची सोय नाही. माझी जाऊ त्यात होती. फोनवर म्हणाली, "घरूनच आणलेले तांदूळ शिजवून खातोय." आम्ही घरीच थांबलो आणि दिवाळीनंतर उघडीप झाल्यावर निघालो. मुकादमाबरोबर नाही, नाशिकजवळच्या गिरणाऱ्याला.

गिरणाऱ्याला सकाळी मजुरांचा बाजार भरतो. पेठ, हरसूल, त्र्यंबककडची माणसं डबे बांधून उभी असतात. शेतकरी पिकअप घेऊन येतात, काम सांगतात, भाव सांगतात. पहिल्या दिवशी मला फार लाज वाटली. बाजारात उभं राहायचं म्हणजे आपण विकायला आलोय असंच वाटतं. एक जण आला, बाईला तीनशे म्हणाला. शेजारच्या बायका हलल्या नाहीत, म्हणून मीही हलले नाही. तो गेला. छातीत धडधडत होतं की आता दिवस रिकामा जाणार. पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा आला, साडेतीनशे, जेवण आपलं. आम्ही चढलो. काही दिवस रिकामेही गेले, ते लपवत नाही. पण रिकाम्या दिवशी मी कोणाची देणेकरी नव्हते.

आणि मुलगा. त्याच्या आदल्या साली तो आमच्याबरोबर बागेत होता, शाळा बुडवून. औषध मारलेल्या वेलीखाली खेळायचा. त्याचे डोळे लाल झाले की मी पाणी मारायची आणि पुन्हा ओळीला लागायची. यंदा तो घरी सासूबाईंजवळ राहिला आणि शाळेत गेला. फिटेपर्यंत हलायचं नाही, ही अट नव्हती ना! दर पंधरा दिवसांनी मी जीपने जाऊन त्याला बघून येत होते. भाडं माझ्या हप्त्यातलं. आम्ही त्याला काय शिकवणार, पण दुसरीतलं पोर आता पाटी न बघता पाढे म्हणतं.

लोक म्हणतात, लाडक्या बहिणींमुळे मजूर मिळेनात. गिरणाऱ्याच्या नाक्यावर हे वाक्य मी रोज ऐकलं. महिन्याला दीड हजार म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. पन्नास रुपयांवर कोणी काम सोडून घरी बसतं का? काम आम्ही करतोच, आदल्या सालाइतकंच केलं. फक्त अडीचशेला नाही केलं. हे ज्यांना खटकतं त्यांचा राग मला समजतो. पावसाने बागायतदारालाही झोपवलंय. पण माझ्या हलाखीवर कोणाची बाग स्वस्तात उभी राहावी, हे मला मान्य नाही.

ई-केवायसीचा काळ फार वाईट गेला. ई-केवायसी म्हणजे आधारवरून ओळख पटवणं; सप्टेंबर २०२५ला ती सक्तीची झाली. माझ्या आधारवर ओटीपी येणार, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवर. यांच्या आधारला जोडलेला नंबर जुना, बंद. तो बदलायला पेठच्या केंद्रावर पहाटेपासून रांग, पंचाहत्तर रुपये आणि यांचा एक दिवस. मग साइट चालेना. ओटीपी यायचा तोवर वेळ संपलेली असायची. शेवटी रात्री दीड वाजता त्याच टेकडीवर, बॅटरी घेऊन, आम्ही दोघं गेलो आणि ते झालं. उतरताना हे म्हणाले, "माझे आहेत का हे पैसे, एवढ्या रात्री चढायला?" आणि हसले. मीही हसले.

शेजारच्या बाईचं मात्र अडलं. नवरा नाही, वडीलही नाहीत, ओटीपी कोणाचा आणायचा? त्या दोन महिने रडकुंडीला आल्या होत्या. पुढे मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली आणि अशा बायकांनी स्वतःची केवायसी करून मृत्यूचे दाखले अंगणवाडीत द्यावेत असं ठरलं. त्यांच्या वडिलांच्या मृत्यूची नोंद कुठेच नव्हती. ज्या बाईला सगळ्यांत जास्त गरज, तिच्याकडेच कागद सगळ्यांत कमी. हे करणाऱ्यांना आधी का सुचलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि मग नोव्हेंबरचा हप्ता डिसेंबर सरत आला तरी पडला नाही. दोन-चार दिवस मागेपुढे झालं तर मी धरून चालते, पण यावेळी महिना उलटला. मुलाला खोकला होता, घरून फोन आला, मला जायचं होतं. मी पेठला उतरून बँकेत विचारलं, पासबुक कोरं. गावात येऊन दुकानात गेले आणि तेल-साखर मागून म्हटलं, "लिहून ठेवा." दुकानदाराने वही काढली. माझं पान अजून तिथेच होतं, तेराशे चाळीसवर आडवी रेघ मारलेलं. त्याच्याच खाली त्याने एकशे नव्वद लिहिले. मला पैशांपेक्षा ती रेघ बघून पोटात कालवलं. उद्या पुन्हा भाद्रपदात असंच दोन महिने लांबलं, तर मी मुकादमाला कशी नाही म्हणणार? मागच्या साली माझ्या घरात जे बदललं ते रकमेने नाही, ती महिन्याच्या महिन्याला येईल या भरवशाने. तारीख घसरली की भरवसा आधी जातो. सरकारने हप्ता वाढवावा म्हणून बायका घोषणा देतात. मला विचारलं तर मी म्हणेन, वाढवू नका हवं तर, पण दहा तारीख म्हणा आणि दहालाच द्या.

ते पैसे आले तेव्हा मी आधी एकशे नव्वद फेडले. मग सासूबाईंनी एक युक्ती सांगितली. श्रावणबाळचे पैसेही पूर्वी रखडायचे, म्हणून त्या एक हप्ता न मोडता ठेवायच्या. लांबलं की तो वापरायचा आणि आल्यावर पुन्हा भरायचा. आता मीही तसं करते आहे. नागलीच्या कणगीमागे एक ॲल्युमिनियमचा डबा आहे, त्यात एक पूर्ण हप्ता साठवायचा. एकदम दीड हजार बाजूला पडत नाहीत, म्हणून दोनशे-तीनशे टाकते. होळीपर्यंत भरेल असं वाटलं होतं, पण मध्ये मुलीच्या चपलेला काढावे लागले. सध्या त्यात नऊशे आहेत. भाद्रपदापर्यंत सहाशे टाकायचेत.